हात बसेपर्यंत

मिस्त्रींना दुपारच्या गिऱ्हाइकाचा मनापासून कंटाळा होता. सकाळचं गिऱ्हाईक घाईत असतं, काम सांगून निघून जातं. दुपारचं बसतं, बोलतं. चाळीस वर्षं लोकांच्या गिटारी दुरुस्त करून मिस्त्रींची कंबर कामातून गेली होती, डोळे दगा देत होते, आणि दुकान बंद करायचा बेत दर सोमवारी पक्का होऊन दर मंगळवारी बारगळत होता.

अशाच एका मंगळवारी दुपारी बाई आल्या, पाठीवर बेस गिटार घेऊन. त्या इतक्या ठेंगण्या आणि बारीक चणीच्या, की मागून पाहणाऱ्याला गिटारच चालत आल्यासारखी वाटली असती.

“ह्यांची आहे,” त्या म्हणाल्या. “हे जाऊन सात महिने झाले. घर इतकं गप्प झालंय, की म्हटलं आपणच शिकावं. पण दहा मिनिटांत मनगट धरतं. आणि हात गेला तर माझी नोकरीच गेली.”

बाई चष्म्याच्या दुकानात काचा बसवायच्या. मोहरीएवढे स्क्रू चिमटीत धरायचं काम.

मिस्त्रींची एक पद्धत होती, आणि तिच्यावरून बाकीचे दुरुस्तीवाले त्यांची टर उडवत. ते वाद्याआधी हात बघत. एका जाडजूड वहीत गिऱ्हाइकाचा डावा पंजा ठेवून भोवतीने पेन्सिलीची रेघ ओढत, खाली तारांची उंची लिहून ठेवत. तिला ते हातवही म्हणत. “वाद्य हाताला बसवायचं असतं, हात वाद्याला नव्हे,” हे सांगताना मात्र त्यांचा सगळा कंटाळा पळून जायचा.

बाईंच्या नवऱ्याचं पान वहीत निघालं. चांगला फावड्यासारखा पंजा. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली. आणि अंगठ्याच्या बेचक्यात रेघ एकदम घसरून पार पानाच्या कडेपर्यंत गेलेली.

“इथे गुदगुल्या झाल्या असणार ह्यांना,” बाई म्हणाल्या आणि आल्यापासून पहिल्यांदा हसल्या. “तिथे नुसतं बोट लावलं तरी उडायचे.”

“आणि तुम्हाला?”

“मला कुठेच होत नाहीत.”

खरंच, नव्या पानावर त्यांचा इवलासा हात पेन्सिलीखाली जराही हलला नाही.

मिस्त्रींनी काम जीव ओतून केलं. मानेतली सळई कसून मान सरळ केली. जिच्यावर तारा टेकतात ती घोडी खाली घेतली. जाड तारा उतरवून हलक्या चढवल्या. मानेवरच्या बाराव्या पडद्यापाशी तारा साडेतीन मिलिमीटर उंच होत्या, त्या दोनवर आणल्या. खांद्याचा पट्टा पाच भोकं आखूड केला. शेवटी प्रत्येक स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. स्क्रू केसभर फिरला तरी ठिपका तडकतो.

बाईंनी वाजवून पाहिलं. “अगदी हलकी झाली हो!” म्हणाल्या आणि खुशीत घरी गेल्या.

तीन आठवड्यांनी परत आल्या, मनगटाला पट्टी बांधून.

मिस्त्रींनी तारांखाली पोलादी मोजपट्टी लावली. साडेतीन. चष्मा पुसून पुन्हा लावली. साडेतीनच. ठिपके सगळे शाबूत. मान सरळ, घोडी होती तिथेच, आणि तारा वर. कशाचा कशाला मेळ नव्हता.

“लाकूड आहे, हवा खातं,” ते म्हणाले. स्वतःलाच ते पटलं नाही.

गिटार त्यांनी पुन्हा दोनवर आणली आणि आठ दिवस ठेवून घेतली. दुकानात ती शहाण्यासारखी दोनची दोनच राहिली. परत देताना त्यांना राहवलं नाही.

“ताई, एक सांगू? देऊन टाका कुणाला तरी. तुमचा हात जाईल.”

“आणि घर पुन्हा गप्प होईल, त्याचं काय?” बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी गिटार पुढे केली. त्यांचं स्वतःचं घर बारा वर्षं गप्प होतं.

मग दोन महिने बाई आल्या नाहीत. आल्या त्या एका दुपारी, गिटार एका हाताने अशी सहज धरून, की मिस्त्री आधी गिटारकडेच बघत राहिले.

“मिस्त्री, आता मुळीच दुखत नाही. हात बसला!”

मिस्त्रींनी मोजपट्टी लावली. साडेतीन. ठिपके शाबूत. खांद्याचा पट्टा मात्र पाच भोकं सोडलेला, नवऱ्याच्या जुन्या, झिजलेल्या भोकावर.

“नोकरी काय म्हणते?”

“सोडली. ते बारीक स्क्रू आता चिमटीत येतच नाहीत. अंगठीसुद्धा कापून काढावी लागली.” बाईंच्या आवाजात कसलीच खंत नव्हती. “पण घर कसं भरल्यासारखं वाटतं.”

मिस्त्रींना एकाएकी फार थकल्यासारखं झालं. आपण हिला नोकरीसकट वाचवायला निघालो होतो, हे त्यांना आठवलं. दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी सवयीने हातवही पुढे केली.

बाईंनी स्वतःचं पान उघडलं नाही. नवऱ्याचं उघडलं, आणि त्यावर हात ठेवला.

हात पानभर पसरला.

करंगळी बाहेर वाकलेली होती.

मिस्त्रींनी पेन्सिल टेकवली. करंगळी. तिच्या शेजारचं बोट. मधलं. पहिलं. पेन्सिल अंगठ्याच्या बेचक्यात उतरली.

बाई खुदकन हसल्या आणि उडाल्या. पेन्सिल घसरली, पार पानाच्या कडेपर्यंत गेली.

“अहो, गुदगुल्या होतात!”

त्यांनी हात उचलला. मिस्त्रींनी वही उजेडात धरली. नवी रेघ कुठे दिसेना. जुनी तेवढी जरा ठळक झाली होती.