ही कुणाची?

ढवळणं थांबवू नका रे. नाराचा गर बुडाशी लागला तर उद्या तुमच्या आया माझ्या नावानं शंख करतील. हात चालू ठेवा, कान इकडं द्या. एफ्राइम डाउसबला तुम्ही ओळखता. वॉल्विस बेच्या मासळी कारखान्यात आहे तो, माझ्या चुलत्याचा नातू. हे त्याच्या बाबतीत घडलं. त्यानं मला एकदाच सांगितलं, आणि सांगता सांगता समोरचा चहा तसाच गार होऊ दिला.

दोन हजार चोवीसची सहा जानेवारी, शनिवार, आपल्याकडचा भर उन्हाळा. काम साधं होतं. एफ्राइमच्या आईला पोतंभर नाराची फळं, वाळूतल्या काटेरी झुडपांवरची ती टरबुजं, हवी होती, आणि एफ्राइमला बायकापोरांना आपल्या घराण्याची झुडपं असलेलं बन दाखवायचं होतं. सकाळी निघायचं, फळं काढायची, रात्री विस्तवाशी झोपायचं, रविवारी घरी. पिकअपमध्ये चौघं. तो, त्याची बायको रोझिना, दोन वर्षांचा मुलगा योआकिम आणि आलेटा.

आलेटा रोझिनाची पहिल्या घरची मुलगी, नऊ वर्षांची. तिचा बाप मासेमारीच्या जहाजावर गेला तो परत आलाच नाही. मग रोझिनानं एफ्राइमशी लग्न केलं. पोरगी शहाणी. उलट बोलायची नाही, दिलेलं खायची, सांगितलेलं ऐकायची. फक्त एफ्राइमला ती ‘काका’ म्हणायची. रस्त्यावर वाट विचारणाऱ्या कुणालाही म्हणावं, तसं काका. आणि एफ्राइमला एकच ध्यास लागलेला, की तिनं आपल्याला बाबा म्हणावं. दुसरं काही नको होतं त्याला.

त्यासाठी सबंध उन्हाळा त्यानं पणाला लावला. कारखान्याला सुट्टी होती. दर शनिवारी कुठंतरी घेऊन जायचा. पहिल्यांदा खाडीवर फ्लेमिंगो दाखवायला नेलं, तर नेमका पूर्वेचा वारा सुटला. डोळ्यांत वाळू, कानांत वाळू, आणि पाखरं सगळी उडून गेलेली. मग सील बघायला नेलं. तिथल्या वासानं आलेटाला उमासा आला आणि ती थेट त्याच्या नव्या बुटांवर ओकली. लांब शिंगांचं गेम्सबॉक हरिण दिसलं तेव्हा पोरगी गाढ झोपलेली. हलवून हलवून उठवली, तोवर टेकडीमागं शिंगांची टोकं तेवढी खाली जाताना दिसली. शेवटी एकदा त्यानं तासभर उन्हात रांगून घोयरा सरडा धरला, अलगद तिच्या तळव्यावर ठेवला. तो रंग बदलायला लागला. आलेटानं नीट बघितलं आणि म्हणाली, “छान आहे, काका. आता सोडायचा ना त्याला?”

“तिला जरा वेळ दे,” रोझिना म्हणाली.

“वेळ? उन्हाळा दिला की. पेट्रोल दिलं. बूट दिले!”

असा वैतागलेला माणूस त्या शनिवारी निघाला. इतका वैतागलेला, की वाळूत शिरण्याआधी चाकांतली हवा कमी करायची विसरला. आपल्यातला माणूस, बरं का! गाडी नदीच्या कोरड्या पात्रात रुतली. फावड्यानं काढली. पुन्हा रुतली. घामानं निथळत काढली, तर बनाच्या तोंडाशी पार पोटापर्यंत बसली. योआकिम रडतोय, रोझिना त्याला जोजवतेय, आणि हा फावडं आपटत स्वतःलाच शिव्या घालतोय.

आलेटानं त्याला पाण्याची बाटली आणून दिली. तो जरा निवळला. म्हणाला, “हे बघ, आता आपण पहिल्या झुडपापाशी जायचं. तिथं आपल्या गेलेल्या माणसांना सांगायचं असतं, कोण कोण आलंय ते. त्यांना सांगतो, ही आलेटा, एफ्राइमची मुलगी. चालेल?”

ती विचार करून म्हणाली, “पण मी माझ्या बाबांची आहे ना, काका. ते समुद्रात आहेत.”

खोडसाळपणानं नव्हे. खरं ते बोलली. पण दिवसभराच्या उन्हावर ते वाक्य एफ्राइमला असं लागलं, की तो फावडं गाडीत फेकून झुडपाकडं चालू लागला.

तुम्हाला मी शंभरदा सांगितलंय, आज पुन्हा सांगतो. बनात शिरताना एकही माणूस वगळायचा नाही. पाहुणा असो, गाडीवान असो, भांडण झालेली बायको असो. इथली वाळू मेलेल्यांची आहे. ज्याचं नाव घेतलं तो घरचा, न घेतलं तो चोर. एफ्राइमला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यानं टोपी काढली. त्याचं बघून आलेटानंही काढली आणि त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“सायमन आजोबा, कातरीना आजी. मी एफ्राइम. ही माझी बायको रोझिना. हा माझा मुलगा योआकिम.”

आणि थांबला. पोरगी वर तोंड करून बघतेय. हा समोर बघतोय. मग त्यानं टोपी डोक्यावर ठेवली.

“झालं. चला.”

रोझिनाच्या ते लक्षात आलं असतं, पण तेवढ्यात योआकिमच्या पायात काटा गेला.

फळं पोतंभर निघाली. संध्याकाळी विस्तव पेटवला. पाव भाजले, डब्यातली मासळी गरम केली. एक कोल्हा येऊन सॉसेजची माळच पळवून घेऊन गेला. आलेटा खुदकन हसली. सबंध उन्हाळ्यात पहिल्यांदा हसली, आणि तेही चोर कोल्ह्याला बघून. एफ्राइमनं विस्तवात उगाचच काटकी मोडून टाकली.

अंधार झाला. अमावस्या जवळ आलेली, चंद्र मध्यरात्रीनंतर उगवायचा. वारा पडला होता. दहाच्या सुमाराला आलेटा म्हणाली,

“काका, ते आजोबा थंडीत का बसलेत?”

“कोण आजोबा?”

“ते. तिथं.”

एफ्राइमनं बघितलं. झुडूप होतं. झुडपाखालचा वाळूचा ढीग होता.

“कुणी नाहीये. झोप.”

“ते विचारतायत.”

“काय विचारतायत?”

“ही कुणाची?”

रोझिनाचा हात योआकिमच्या पाठीवर थांबला.

“कोल्हा असेल,” एफ्राइम म्हणाला. “नाहीतर तरस. मघाशी माग दिसला होता तरसाचा.”

“कोल्हा बोलतो?” रोझिना हळूच म्हणाली. “एफ्राइम... तू सगळ्यांची नावं घेतलीस ना?”

तो विस्तव उकरायला लागला.

“घेतलीस ना?”

“ती माझी नाही म्हणाली. तिच्या तोंडानं म्हणाली! मग मी काय सांगणार होतो? सगळा उन्हाळा मरमर मरतोय मी तिच्यासाठी. कशाकशाचा उपयोग नाही. आता मेलेल्यांपुढंपण मीच नाक घासू?”

“अरे, नऊ वर्षांची आहे ती!”

“मग मी किती वर्षांचा होऊ?”

भांडण चांगलं पेटलं असतं. पण तेवढ्यात आवाज आला.

टक.

पिकअपच्या पत्र्यावर. काठीचं टोक लागावं तसा.

माझा चुलता सायमन काठीनं टकटक करत बनातून फिरायचा. फळ पिकलं की नाही, ते आवाजावरून ओळखायचा. आणि दुसऱ्याच्या फळाला हात लावलेला माणूस त्यानं कधी तसाच सोडला नाही. तो जाऊन वीस वर्षं झाली.

टक. एफ्राइमच्या पायाशी, पाण्याच्या डब्यावर. लगेच पुढं.

टक. रोझिनाच्या शेजारच्या किटलीवर. पुढं.

टक. योआकिमच्या बाबागाडीवर. पुढं.

मग आलेटापाशी. तिच्या ताटलीवर.

टक... टक... टक...

पुढं जाईना.

विस्तव जळत होता. उजेड होता. ताटली दिसत होती. कुणी नव्हतं. आलेटा ताठ बसलेली, डोळे उघडे. पापणी हलत नव्हती. रोझिनानं तिचा हात धरला. गार होता.

“गाडीत चल,” एफ्राइम म्हणाला. “सगळे. आत चला.”

त्यानं पोरीला उचलली आणि दचकला. जड. नऊ वर्षांची पोर, आणि त्याला उचलवेना. वाळूनं धरून ठेवल्यासारखी. कशीबशी ओढत आणली. चौघं पुढच्या सीटवर दाटीनं बसले. दारं बंद केली. गाडी कुठं जाणार होती म्हणा... चाकं वाळूत बसलेलीच होती. दिवसभर खणून तोच हरला होता.

टक.

काचेवर. आलेटाच्या बाजूला.

टक. टक.

“काहीतरी कर,” रोझिना म्हणाली. “एफ्राइम. काहीतरी कर.”

त्याला सगळ्याचा संताप आला. वाऱ्याचा, सीलांचा, फावड्याचा, त्या शहाण्या ‘काका’चा. तिनं आधी म्हणावं. एकदा म्हणावं. मग मी सांगतो. एवढं आणि एवढंच त्याच्या मनात होतं, आणि काचेवर टकटक चाललेली होती...

आलेटा पुटपुटली. “ते म्हणतात... कुणाचीच नाही, तर...”

“तर काय?”

“तर आमची.”

एफ्राइम दार ढकलून बाहेर पडला. टोपी काढली. ओरडायचं होतं, पण आवाज फुटला तो भलताच. रडका.

“ही आलेटा! आजोबा, ही आलेटा... माझी आहे. तिनं मला काही म्हणो न म्हणो. माझी मुलगी आहे.”

...

काही नाही.

वारासुद्धा नाही.

मग दूर. टक. त्याहून दूर. टक. मग ऐकू आलं नाही.

तो आत आला. आलेटाचा हात गरम झाला होता. ती झोपली होती. रोझिनानं तिला कुशीत घेतलं, त्यानं दोघींवर हात टाकला, दारांची लॉकं पुन्हा बघितली. उजाडेपर्यंत त्यानं डोळा मिटला नाही. पोरीच्या श्वासाचा आवाज सारखा ऐकत होता.

सकाळी धुकं होतं. सगळी झोपलेली. एफ्राइम आखडलेलं अंग घेऊन उतरला, आणि दाराखालीच त्याला ते दिसलं.

लहान, अनवाणी पावलांचे ठसे, आलेटाच्या मापाचे. दारापासून निघालेले. आदल्या दुपारच्या वाऱ्यानं जुने माग सगळे पुसले होते, म्हणजे हे रात्रीचे. त्यानं वळून बघितलं. आलेटा सीटवर झोपलेली होती, पायात मोजे आणि बूट.

तो मागावर निघाला. ठसे पहिल्या झुडपापाशी गेलेले. तिथं दोन्ही पावलं जोडून उभी राहिलेली, कुणी काही दाखवत असलं की पोर उभं राहतं तशी. मग पुढं. मधली दोन झुडपं स्वार्टबोइ घराण्याची, ती सोडली होती. मग पुन्हा डाउसबांचं. तिथं उभी. मग बीसांचं सोडलं. पुन्हा आपलं. एकही चुकलं नव्हतं. तुम्हाला नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून आम्ही शिकवतोय, कुठलं झुडूप कुणाचं, तरी दरवर्षी गोंधळ घालता. त्या पोरीला कुणी दाखवलं? तिच्या शेजारी दुसरं पाऊल नव्हतं.

मोठ्या टेकडीपलीकडं ठसे उतरले. तिथं एक म्हातारं झुडूप आहे, अर्धं वाळूत गाडलेलं. एफ्राइमला ते आपलं आहे हे माहीतच नव्हतं. मला माहीत आहे. सायमननं लग्नाच्या वर्षी ते कातरीनासाठी राखलं होतं, आणि माझ्याखेरीज कुणापाशी बोलला नव्हता.

ठसे तिथं संपले.

एफ्राइमनं झुडपाला दोन फेऱ्या घातल्या. तीन घातल्या. वाळू सगळीकडं गुळगुळीत.

“बाबा!”

मागून हाक आली.

“बाबा, कुठं गेलात? आई चहाला बोलावतेय!”

ज्या शब्दासाठी त्यानं उन्हाळाभर जिवाचं रान केलं, तो शब्द. आणि त्याच्यानं वळवेना. मला म्हणाला, काका, तिथंच पाय रुतल्यासारखा मी उभा होतो.

मग वळला. टेकडीवर आलेटा उभी होती, बूट घातलेली, हसत. ती धावत खाली आली. त्यानं तिला उचलली. हलकी होती. घट्ट, अगदी घट्ट धरली, आणि तिच्या खांद्यावरून पुन्हा एकदा खाली बघितलं.

झुडपाकडं गेलेली अनवाणी पावलं होती. परत आलेलं एकही नव्हतं.