सहावी खुर्ची

"पुन्हा नाही म्हणतोय!" मी टेबलावर हात आपटला.

समुद्राच्या तळावरच्या प्रयोगशाळेतली माणसं वर आणायची होती. वादळ येत होतं, पाणबुडीची एकच फेरी होणार होती. तिथली प्रमुख माझी रेवतीआत्या. ती खालून म्हणाली होती, "माझी पाच माणसं आहेत, शाल्मली. पाच खुर्च्या बसव." मी प्रोग्रॅममध्ये तसंच लिहिलं, पण अप्पांचा खडूस तपासनीस (प्रोग्रॅम चालण्याआधीच त्यातली चूक धरणारा प्रोग्रॅम) अडून बसला.

अप्पा म्हणजे माझे आजोबा, आत्याचे बाबा.

"त्याने पाणबुडी पाहिलीसुद्धा नाही. त्याला काय कळतंय?"

"पाहावं लागतच नाही," अप्पा हसले. "प्रत्येक वस्तूला प्रकार असतो (ती काय आहे हे सांगणारी पाटी). पाणबुडीच्या पाटीवर खुर्च्यांची संख्या, तुकडीच्या पाटीवर खाली गेलेल्या सगळ्या माणसांची नावं. मी त्याला एक फंक्शन दिलंय. ते नावांची पाटी घेतं आणि किती खुर्च्या हव्यात ते सांगणारी पाटी देतं. नियम दोनच. पाटी रिकामी असेल तर शून्य. नसेल तर एक नाव काढ, उरलेल्यांचं उत्तर शोध, त्यात एक मिळव."

"उरलेल्यांचं उत्तर कसं शोधायचं?"

"त्याच नियमांनी! दर वेळी पाटी एका नावाने आखूड होते, म्हणजे कधीतरी संपणारच. चल, आपणच तपासनीस होऊ."

अप्पा नावं वाचू लागले, मी बोटं मुडपू लागले. फर्नांडिस, एक. हमीदा, दोन. तांडेल, कुंदा, बर्वे. पाच!

"संपली ना पाटी?"

अप्पांनी चष्मा काढून पुसला.

"रेवती," त्यांनी पाटीवरचं शेवटचं नाव हळूच वाचलं. "सगळ्यांचं करता करता स्वतःला विसरायची हिची लहानपणापासूनची खोड."

इंजिन सुरू झालं नव्हतं, दार उघडलं नव्हतं. नुसत्या पाट्या आणि दोन नियम, एवढ्यावर तपासनीसाने माझ्या आत्याला शोधून काढलं होतं! मी पाचाचे सहा केले. तपासनीस गुपचूप बाजूला झाला.

संध्याकाळी पाणबुडीतून सगळ्यांत शेवटी आत्या उतरली. अप्पांनी तिचा हात धरला तो सोडलाच नाही.

"पुढच्या वर्षी आत्यासकट तीनशे माणसं चंद्रावर राहायला जाणार," मी म्हणाले. "तेव्हाही दोनच नियम पुरतील?"

"पुरतील की," अप्पा म्हणाले.

"मग त्या पाटीवर पहिलं नाव आत्याचं लिहायचं. ती मोजायला बसली, तर पुन्हा राहील."