अजून अंगात आहे

उदासीवरची, आठवड्यातून एकदाच घ्यायची ती कॅप्सूल बंद करताना डॉक्टरीणबाईंनी नेहमीचंच सांगितलं होतं. कॅप्सूल थांबली तरी औषध अंगात राहतं. ते पुरतं निघून जाईपर्यंत दुसरं सुरू करता येत नाही. दोन्ही एकत्र आली तर ताप चढतो, अंग ताठतं, माणूस हातचा जातो. पाच आठवडे थांबायचं.

पेशंट शिवणकाम करणारी. कित्येक महिने तिनं मशीनला हात लावला नव्हता. सोबत थोरली जाऊ यायची. तोंडानं फटकळ, पण धाकटीवर जीव टाकणारी.

पाच आठवडे सरले. धाकटीची बोटं अजून थरथरत होती. रक्त तपासलं, तर औषध होतं तेवढंच.

“औषध आहे की पाहुणा? जायचं नावच घेत नाही,” जाऊ म्हणाली.

घरी चोरून घेत असणार, असा डॉक्टरीणबाईंचा सरळ तर्क. त्यांनी तिला दाखल करून घेतलं. खोलीत दोन लोखंडी खाटा, शेजारची रिकामी. नर्स तिला जीभ वर करायला लावून तोंड बघायची, अभ्रे झटकायची. काही सापडलं नाही. पुढच्या तपासणीत औषध वाढलेलं निघालं.

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. खरं सांग, रागावणार नाही, असं त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं.

“मी नाही घेत,” पेशंट म्हणाली. “ती घेते.”

“ती कोण?”

“अंगात आहे, असं तुम्हीच म्हणता ना? कोणाच्या अंगात, ते कधी विचारलंत?”

बोलताना ती शेजारच्या खाटेकडे बघत होती.

त्यानंतर तिनं अन्न सोडलं, मग पाणी. हृदय कमजोर, त्यामुळे विजेचे झटके देता येत नव्हते. जाऊ दारात आडवी उभी राहिली. या खेपेला तिनं टोमणा मारला नाही.

“थांबलात तरी ही जाणार, नवी गोळी दिलीत तरी जाणार. मग देऊन बघा.”

सकाळी डॉक्टरीणबाईंनी नवी गोळी स्वतःच्या हातानं दिली आणि थर्मामीटर घेऊन तिथंच बसल्या.

दुपारपर्यंत ताप नाही. नाडी संथ. बोटांची थरथर थांबली.

मग लोखंड वाजायला लागलं. बारीक, एकसारखं.

त्यांनी पेशंटच्या खाटेच्या दांडीवर हात ठेवला. ती स्थिर होती.

शेजारची वाजत होती.

त्यांनी तिथल्या गादीवर तळवा टेकला आणि चटकन उचलला. चादर ओली होती, कढत होती.

आवाज वाढला. वाढत गेला. एकदम थांबला.

“पाणी द्या,” पेशंट म्हणाली आणि घटाघटा प्याली. जाऊ दारातच मटकन खाली बसून रडू लागली. डॉक्टरीणबाईंनी ग्लास परत भरला.

संध्याकाळी त्यांनी नर्सला शेजारची चादर बदलायला सांगितलं. नर्सनं ओढली, चादर निघेना. दोन्ही कडांना, निजलेल्या माणसाचे हात पडतात तिथं, कापड चुरगळून आवळलेलं होतं. एकेक बोट सोडवावं तशा दोघींनी चुण्या उलगडल्या.

गादी केव्हाच गार पडली होती. चुण्यांच्या आत मात्र अजून ऊब होती.