चारशे रुपयांचा एक तास

पद्मजाच्या ऑफिसात येणारी माणसं बहुतेक आधी रडतात, मग बोलतात. यवतमाळात खासगी तपासाचं काम करताना तिला त्याची सवय झाली होती. अर्पिता मात्र आली ती भांडायच्या तयारीनंच. बसायच्या आधी तिनं मोबाइल पुढे सरकवला.

"हे कोणं लिहिलं ते मले पाह्यजे."

इंटरनेटवर लिहिलेलं असं होतं : टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर डाउनलोड करायचा एक छोटा गेम येतो आहे, बैलाचा. किंमत चारशे. तासाभरात सजवलेला बैल तोरणाखाली उभा राहतो आणि खेळ खलास. ही शुद्ध लूट आहे, शंभर रुपयेसुद्धा देऊ नका. खाली नाव नव्हतं.

गेम अर्पिताचा होता. वडील सरकारी कचेरीत, घरात सगळे नोकरदार. हिनं मात्र चांगली नोकरी सोडून यवतमाळलगतच्या लोहारा गावात, भाड्याच्या खोलीत एकटीनं तो घडवला होता. विक्री सुरू व्हायच्या आधीच हे वाचून लोकांनी शिव्या द्यायला सुरुवात केली होती. पुण्याची एक कंपनी सगळा गेम हक्कांसकट मातीमोल भावात मागत होती, आणि तीन दिवसांत उत्तर द्यायचं होतं. हो म्हटलं तर गेमवर तिचं नावही राहणार नव्हतं. नाही म्हटलं आणि गेम पडला, तर पुन्हा कोणाच्या तरी दारात नोकरीसाठी उभं राहणं आलं.

"तासाभरात संपतो हे खोटं?" पद्मजानं विचारलं.

"एक आडवाट हाय, गंमत म्हणून ठेवलेली. तिथून लवकर संपते. पण त्या वाटेनं जाते कोण? खरा गेम तर बैल रानात पळते तिथून सुरू होते."

विक्रीआधी तिनं गेम तिघांनाच खेळायला दिला होता. म्हणजे लिहिणारा त्या तिघांतला.

पद्मजाचा मदतनीस गोपाल दारव्ह्याकडच्या शेतकऱ्याच्या घरचा. माणूस सोन्यासारखा, डोकं जरा निवांत. त्यानं ऑफिसातच गेम लावला. रोज सकाळ झाली की पडद्यावर बटण येई, 'बैल जुंपा'. दाबलं की बैल शेतात राबे आणि दिवस पुढे सरके. पेरणी झाली, पाऊस झाला, पोळा आला. तासाभरानं चहा आला, तोवर गोपालचा गेम संपलासुद्धा.

"ताई, लिहिणारा खोटं नाही बोलून राह्यला," तो ओशाळून म्हणाला.

मग पद्मजा खेळायला बसली. तिचा बैल रानात पळाला, आणि ती संध्याकाळपर्यंत त्याच्या मागे फिरत राहिली. शेवटी तिनं गोपालकडे असं काही पाहिलं, की आपण मशीन बिघडवलं की काय, असं त्याला वाटलं.

पहिला संशयित अभिषेक, पांढरकवड्याला हायवेलगत गेम पार्लर चालवणारा. चारशे म्हणजे डोकं फिरलंय पोरीचं, हे त्यानं तोंडावर सांगितलं. लिहायचंच असतं तर नाव टाकून लिहिलं असतं, असंही ऐकवलं. शिवाय त्याची वेगळीच तक्रार होती : त्या जंगलात बैल काही केल्या सापडत नाही.

दुसरी अनघा, कॉलेजातली मैत्रीण. यवतमाळच्याच वकिलाची मुलगी. तिचाही एक गेम अर्धवट पडून होता. हेवा वाटला, हे तिनं कबूल केलं, आणि बैल पळाला तेव्हा रडले, हेही.

तिसरा रजत. त्या पुण्याच्या कंपनीत कामाला, आणि कंपनीची मागणी अर्पितापर्यंत आणणारा तोच. सुटीवर उमरखेडला घरी आला होता. त्याच्या वडिलांच्या गोठ्यात अजून बैलजोडी आहे. बोलणं मऊ. झूल काय काढली आहे, घुंगरं काय वाजतात. शेवटी बैल तोरणाखाली उभा राहिला तेव्हा मन भरून आलं, म्हणाला. पण छोट्या गेमची किंमत छोटीच हवी, बाजार कोणाचा सगा नसतो, हेही बजावलं. गोपालला तिघांत तोच आवडला.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी पद्मजानं सगळ्यांना अर्पिताच्या लोहाऱ्यातल्या खोलीत जमवलं. पडद्यावर पोळ्याची सकाळ होती आणि नेहमीचं 'बैल जुंपा' बटण. अनघानं न बघताच ते दाबलं. पद्मजानं सकाळ पुन्हा लावली. अभिषेकनं बोलता बोलता दाबलं. मग रजतची पाळी आली. त्याचा अंगठा बटणावर नुसताच राहिला.

"दाब ना," पद्मजा म्हणाली.

"आज पोळा हाय ना," रजत बोलून गेला. आणि मग त्याचा चेहरा उतरला.

"झालं," पद्मजा म्हणाली. "अर्पितानं पोळा पाहिला तो रस्त्याच्या कडेनं. तिला वाटलं, बटण दिसलं की माणूस दाबतोच. शहरातल्यांनी दाबलंही, मीसुद्धा दाबलं. वर्षातल्या एका सुटीलाही राबवलं म्हणून बैल रुसतो आणि रानात पळतो. पण ज्याच्या घरी बैल आहे, तो पोळ्याला बैल जुंपत नाही. गोपालनं नाही जुंपला. त्याचा बैल खुशीत तोरणाखाली उभा राहिला आणि गेम संपला. तीच ती आडवाट."

मशीन आपण बिघडवलं नव्हतं, हे कळून गोपालनं सुटकेचा श्वास सोडला.

"लिहिणाऱ्याला तोरणाच्या पुढे काही आहे, हेच ठाऊक नव्हतं. अभिषेक जंगलात हरवला, अनघा तिथे रडली. तुझं मन मात्र तोरणापाशीच भरून आलं, रजत. गेमची बदनामी झाली की कंपनीला तो फुकटात मिळणार, आणि तुला बढती."

रजतनं नाकारलं नाही. "पण मी पाहिलं तेच लिहिलं," तो हट्टानं म्हणाला. "मले तासभरच भेटला. त्याचे चारशे, हे रास्त हाय का?"

अर्पिता उठली. आवाज चढला नाही तिचा.

"मी तास नाही विकत, रजत. शेवट पाहून मन भरून आलं म्हणाला ना तू? त्याचेच चारशे."

मग तिनं त्याच्यासमोरच कंपनीला नकार कळवला, आणि गेम विक्रीला लावला. चारशेलाच.