गोठलेलं तेल

हिमबिबट्याच्या एका मादीच्या गळ्यात तारेचा फास रुतला होता, आणि तो काढायला तिघं जण निघाले होते.

मेंढपाळांनी तिला वरच्या पठारावर पाहिलं होतं. सशासाठी लावलेल्या फासात ती अडकली, खुंटी उपटून सुटली, पण तार गळ्यातच राहिली. मागे दोन पिल्लं होती. मान वळवली की फास आणखी आवळत होता. महिनाभर काढला तरी खूप, असं तिघांतल्या पशुवैद्य भाचीचं म्हणणं होतं. बेशुद्ध केल्याशिवाय तार कापता येणार नव्हती. त्यासाठी तिच्याकडे भुलीची बंदूक होती. छोट्या काडतुसाच्या जोरावर ती औषधाची सुई फेकायची. जुनी, पण नेम पक्का. परवानगी देणाऱ्या संस्थेने अट मात्र घातली होती: फास काढलात की तिच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बांधून या.

निघण्याआधी भाची बंदूक घेऊन मावशीच्या कारखान्यात आली. कारखाना म्हणजे खिडकीपाशी एक लांब बाक, एक शेगडी, आणि भिंतीवर फळीभर बाटल्या. जळलेल्या दारूची काजळी धुणारं सॉल्व्हंट, मधासारखं जाड तेल, पाण्यासारखं पातळ तेल, लाकडी दस्त्यासाठी जवसाचं. मावशी तीस वर्षं बंदुका दुरुस्त करत होती. ‘एक थेंब पुरे’ हे तिचं पालुपद, म्हणून सगळा गाव तिला थेंबमावशी म्हणायचा. तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा.

“वाटेत कोणतं तेल कधी लावायचं, ते लिहून दे,” भाची म्हणाली.

“वाट कुठून आहे?”

“तीन दिवस खाऱ्या सरोवराच्या काठाने. मग नदी ओलांडून वर पठारावर.”

मावशीने हातातलं फडकं खाली ठेवलं. “खाऱ्या वाऱ्यात जाड तेल हवं, नाहीतर दोन दिवसांत गंज धरेल. आणि तेच तेल वर गेलं की खोबरेलासारखं थिजेल. मधेच कुठेतरी सगळं धुऊन पातळ तेल द्यावं लागेल. कुठे, ते हवा बघून ठरतं. लिहून कसं देऊ?”

“मग?”

“मग काय, मी येते.”

“आणि तुझे गुडघे?”

“गुडघ्यांना काय लावायचं तेही मला ठाऊक आहे.”

तिसरा होता वाटाड्या. पन्नाशीचा, बारीक, कमी बोलणारा, आणि बोललाच तर चेहरा न हलवता थट्टा करणारा.

सरोवराचा काठ म्हणजे एक लांबलचक स्वप्नच होतं. पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. पायाखाली मिठाची पांढरी साय करकरत फुटायची, दूरचे डोंगर पाण्यात उलटे लटकलेले दिसायचे, आणि तासन्‌तास चालूनही आपण जागचे हललोच नाही असं वाटायचं. ओठांवर मीठ, पापण्यांवर मीठ. मुक्कामाला टेकलं की मावशी आधी बंदूक पुसायची, मग स्वतःचं तोंड. जाड तेलाचा हात नळीवरून, खटक्यावरून, आत स्प्रिंगपर्यंत फिरायचा. तीन दिवसांत वाटाड्याच्या चाकूवर तांबूस ठिपके आले. बंदुकीवर एकही नव्हता.

“माझ्याकडेही जरा बघा मावशी,” तो म्हणाला. “मीही गंजत चाललोय.”

नदी मात्र स्वप्नातली नव्हती. बर्फ वितळून आलेलं पाणी मांडीपर्यंत होतं आणि गोटे शेवाळलेले. वाटाड्याने दोर बांधला. भाची डोक्यावर बंदूक धरून पार झाली. मावशी अर्ध्यात आली आणि गुडघा दुमडला. क्षणात ती पाण्यात! वाटाड्याने झेप घेतली. तिची कॉलर हाती लागली, पण खांद्यावरची पिशवी निसटली, गोट्यांवर आदळत गेली आणि शंभर पावलांवर एका झुडपात अडकली.

पिशवी मिळाली. आतल्या दोन काचेच्या बाटल्यांचा मात्र चुरा झाला होता. सॉल्व्हंट गेलं, पातळ तेल गेलं. पत्र्याच्या डब्यातलं जाड तेल तेवढं शाबूत.

“परत जायचं का?” वाटाड्याने विचारलं. “जाऊन येण्यात आठवडा जाईल.”

भाचीने मावशीकडे पाहिलं. “चालेल का गं याच्यावर?”

मावशी थरथरत होती. थंडीने, आणि अंमळ शरमेनेही. तीस वर्षांत असल्या प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हणायची वेळ तिच्यावर आली नव्हती. “कोरड्या फडक्याने पुसून काढते,” ती म्हणाली. “भागेल.”

पठारावर पोचले तेव्हा जगातले सगळे रंग कुणीतरी पुसून टाकल्यासारखे झाले होते. पांढरी जमीन, पांढरं आकाश, मधे राखाडी खडकांचे पुंजके. आवाज नव्हताच. आपलाच श्वास ऐकू येई, आणि तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटे. तंबू लावल्यावर भाची बंदूक आत घ्यायला निघाली, तशी मावशीने अडवलं.

“तिला बाहेरच राहू दे. आत आपल्या उबेने लोखंडाला घाम सुटेल, आणि बाहेर काढली की त्याचा बर्फ होईल.”

“ही बाहेर थंडीत, आणि आम्ही आत,” वाटाड्या म्हणाला. “बायकोला सांगायला हवं, नवऱ्याला आत घेणारंही एक घर असतं.”

औषधाची सुई मात्र भाचीने अंगरख्याच्या आत, छातीशी धरून ठेवली. गोठलं तर औषध वाया जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी खडकाखाली त्यांना अर्धवट खाल्लेला रानबोकड सापडला. आसपास पंजांचे ठसे होते. मोठे, आणि दोन जोड्या लहान. वाटाड्याने वाऱ्याची दिशा पाहिली, पंचवीस पावलांवरचा एक खडक निवडला, आणि तिघं त्याच्या आड पडून राहिले. एक तास. दोन तास. बर्फाचे बारीक कण उन्हात चमकत खाली येत होते. मावशीला वाटलं, आपण पाण्याच्या तळाशी आहोत आणि वरून चांदीचा भुसा पडतोय.

आणि मग खडकाचाच एक तुकडा हलला.

ती आली होती. राखाडी, ठिपक्याठिपक्यांची, लांब शेपूट बर्फावरून ओढत. मान एका बाजूला कलली होती. तारेभोवतीचे केस झडून मांस लाल दिसत होतं. पिल्लं मागे थबकली. भाचीने नेम धरला. मांडीवर. श्वास रोखला. चाप ओढला.

टक.

एवढंच. ना धडाका, ना सुई. मादीने मान वर केली, पिवळट डोळ्यांनी खडकाकडे पाहिलं, आणि पाहता पाहता ती पुन्हा खडक होऊन गेली. पिल्लंही दिसेनाशी झाली.

भाचीने खटका मागे ओढून काडतूस काढलं आणि मावशीच्या तळहातावर ठेवलं. मावशीने ते डोळ्यांजवळ नेलं. आतली टोचणी जिथे आदळते तिथे खोल खड्डा पडायला हवा होता. पडली होती फक्त एक पुसट खूण, नखाने ओरखडल्यासारखी.

“काडतूस खराब असेल,” भाची म्हणाली.

“नाही,” मावशी म्हणाली. “काडतूस चांगलं आहे. टोचणीच्या नळीत जाड तेल राहिलंय. ते थिजलं, टोचणी रेंगाळली. फडक्याने तिथवर पोचता येत नाही, हे मला नदीवरच कळत होतं. तरी मी भागेल म्हणाले. तुझं काही चुकलेलं नाही. माझं चुकलंय.”

भाचीने मावशीला चूक कबूल करताना कधी ऐकलं नव्हतं. मग तिने विचारलं, “आता कशाने धुता येईल?”

मावशीची नजर तंबूकडे वळली. स्टोव्हच्या बाटलीत स्वच्छ पांढरं पेट्रोल होतं. त्यानेच बर्फ वितळवून ते पाणी पीत होते. बाटली जेमतेम अर्धी भरलेली.

“हे कसलंही तेल धुऊन काढतं,” ती म्हणाली. “पण धुवायला जवळजवळ सगळं लागेल.”

“म्हणजे परतताना गरम काही नाही,” वाटाड्या म्हणाला. “पाणीही नाही. बर्फ तोंडात धरून दोन दिवस चालायचं.” तो क्षणभर थांबला. “उतरताना खिंड लागते, तिच्यापलीकडे एक झरा आहे. गोठला नसला तर.”

“भाऊ, तुम्ही नाही म्हणालात तर आपण उतरू,” मावशी म्हणाली.

वाटाड्याने बाटली उचलून तिच्या हातात दिली.

तंबूपासून लांब, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून मावशी बसली. आसपास आगीची ठिणगी नको म्हणून वाटाड्याची विडीसुद्धा तिने काढून घेतली. खटका सुटा केला. टोचणी आणि स्प्रिंग जेवणाच्या ताटलीत ठेवली. पेट्रोल ओतलं. बोटांना ते बर्फाहून गार लागत होतं. आधी दुखलं, मग दुखणंही थांबलं. तांबूस धागे तरंगून वर आले. ओतलं, पुन्हा धुतलं. तिसऱ्या वेळी पेट्रोल नितळ राहिलं. भाची बोटांवर फुंकर घालत एकेक भाग वाऱ्यावर वाळवत होती.

“आता एक थेंब?” भाचीने डब्याकडे बोट दाखवलं.

“नाही. इथली हवा कोरडी आहे, गंजायला ओल कुठाय? आज ही कोरडीच राहील.”

टोचणी बसवून तिने रिकामाच चाप ओढला. खट्‌! कोरडा, टणक आवाज. मावशीने डोळे मिटून तो पुन्हा एकदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तेव्हा मादी परत आली. भूक तिला घेऊन आली होती. चाल कालच्याहून मंद होती. भाचीने नेम धरला. या वेळी पठाराने आवाज ऐकला. सुई मांडीत बसली. मादी उसळली, दहा पावलं धावली, डुलली, आणि झोपेत कूस बदलावी तशी अलगद आडवी झाली.

मग घाई! तिच्या डोळ्यांवर कापड. भाचीच्या हातात पक्कड. तार मांसात इतकी रुतलेली की दिसतच नव्हती. मावशीने लाल पडलेल्या बोटांनी केस बाजूला धरले. वाटाड्या पिल्लांवर नजर ठेवून होता. ती खडकावरून टक लावून बघत होती. कट्‌. तार सुटली. जखम धुतली, औषध भरलं. झोपेतल्या जनावराने एक लांब श्वास घेतला, इतका लांब की मावशीचाही श्वास त्याच्याबरोबर ओढला गेला.

भाचीने पिशवीतून रेडिओचा पट्टा काढला. जखमेवर धरून पाहिला. तिचा हात तसाच राहिला.

“संस्था पुन्हा परवानगी देणार नाही,” ती हळूच म्हणाली. “हा प्रकल्पच संपेल.”

मावशी पक्कड पुसू लागली. हा निर्णय बंदुकीचा नव्हता, तो भाचीचाच होता.

भाचीने पट्टा पिशवीत परत टाकला. “आत्ताच हिची मान मोकळी झालीय,” ती म्हणाली. “चला, जाग यायच्या आत लांब होऊ.”

खडकाआडून त्यांनी पाहिलं. मादी उठली, अडखळली, बसली, पुन्हा उठली. मग तिने मान पूर्ण वळवून स्वतःची पाठ चाटली. पिल्लं धावत आली.

परतीची वाट कठीण गेली. बर्फ तोंडात धरून तहान भागत नव्हती, उलट जीभ सुजली. भाचीच्या पायाची बोटं बधिर झाली. मावशी चालता चालता झोपत होती. तिला खाऱ्या सरोवरातले उलटे डोंगर दिसत होते आणि वाटाड्या तिची बाही धरून तिला वाटेवर आणत होता. खिंडीपलीकडे तो थांबला. त्याचा झरा काचेसारखा गोठला होता. त्याने कुऱ्हाडीने ठोकून पाहिलं. तळापर्यंत बर्फच.

तो पहिल्यांदाच खाली बसला.

तेवढ्यात भाचीने उताराकडे बोट केलं. बर्फावर ताजे ठसे होते. मोठे, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना लहान. तिघं मायलेकरं रात्रीतून खिंड उतरून गेली होती. वाटाड्या सावरून उठला, वाकला, पंजाच्या ठशात हात ठेवला.

“पाऊल सरळ पडतंय,” तो म्हणाला. “मान कलती नाही.”

ठसे वाट सोडून डावीकडे, दोन दरडींच्या फटीत गेले होते. तिघं त्यांच्यामागून गेले. फटीत अंधार होता, ओलसर वास होता, आणि आत कुठेतरी एक बारीक, सतत चालणारा आवाज. दरडीच्या पोटातून बोटभर धार वाहत होती. काठच्या चिखलात पंजे उमटले होते आणि लहान पंजांची सगळी चिवडाचिवड.

वाटाड्याने ओंजळ भरली आणि आधी मावशीच्या ओठांना लावली. मग भाची वाकली, मग तो. पाणी दातांना झोंबत होतं आणि त्याला दगडाची चव होती. तिघं पोटभर प्यायले.