भीमाचा लोड

बिबवेवाडीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये केस कुठे नव्हते ते विचारा. आमटीत होते, दिवाणाखाली होते, अनंतरावांच्या इस्त्रीच्या लेंग्यावर होते आणि एकदा तर देवघरात बाळकृष्णाच्या मुकुटावर निघाले. त्या दिवशी अनंतरावांच्या पत्नी नीरजाबाईंनी तो मुकुट तीनदा चिंचेने घासला.

केस भीमाचे. भीमा म्हणजे सेंट बर्नार्ड जातीचा, वासराएवढा कुत्रा. त्यांच्या लेकीने, स्पृहाने, हिंजवडीत नोकरी लागल्या लागल्या हौसेने आणला. मग व्हिसा आला, लेक न्यू जर्सीला गेली आणि कुत्रा आई-बापाकडे राहिला. "बाबा, तिकडे घर घेतलं की मी त्याला नेणार. तोपर्यंत त्याला काही होऊ देऊ नका," विमानतळावर ती रडत म्हणाली होती. रडणं कुत्र्यासाठी होतं हे अनंतरावांना कळत होतं, पण शब्द दिला तो दिला. बँकेतून व्हीआरएस घेतलेल्या माणसाला लेकीसाठी करण्यासारखं आता दुसरं होतं तरी काय?

तर रोज चहा झाला की ते गॅलरीत जुनी चादर पसरत. भीमा येऊन धप्पकन आडवा होई. आधी अंगावर पाण्याचा फवारा, म्हणजे केस उडत नाहीत. मग मोठ्या दातांचा पोलादी कंगवा. कानामागे आणि मांड्यांवर गुंता होई, तिथे बुडाशी केस चिमटीत धरायचे म्हणजे कातडीला ओढ बसत नाही. वरचे राठ केस सुटले की आतली मऊ पांढरी लव पुंजक्यापुंजक्याने निघे. सगळं अंग तो खुशाल विंचरू देई. गळ्याखाली मात्र हात लागला की गुरगुरे. तेवढी जागा अनंतराव सोडून देत.

हे केस टाकायचे नाहीत ही अक्कल त्यांचीच. "अगं, लोकरच आहे ही. कचऱ्यात कशाला घालायची?" पुण्यात असं वाक्य एकदा उच्चारलं गेलं की वस्तू टाकली जात नाही. नीरजाबाईंनी कुरकुरत ते केस रिठ्याच्या पाण्यात धुतले, उशीच्या अभ्र्यात भरून गच्चीवर वाळवले, जुन्या इरकलीची खोळ शिवली आणि लोड भरला. हॉलमधल्या दिवाणावर तो झकास दिसत होता.

उन्हाळ्यात केस गळतात आणि पावसाळ्यात थांबतात, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पावसाळा आला, केस थांबले नाहीत. नीरजाबाई लोडाची शिवण उसवत, नवे केस कोंबत, परत शिवत. गंमत म्हणजे लोड फुगत नव्हता. जड मात्र होत होता. आधी त्या तो एका हाताने उचलून खालची चादर झटकत, नंतर नवऱ्याला हाक मारू लागल्या. सकाळी त्याला हात लावला तर ऊब लागे. अनंतराव म्हणाले, उन्हाने तापला असेल. हॉलमध्ये ऊन येत नाही, हे त्यांना बोलून झाल्यावर आठवलं.

इकडे भीमा हलका होत चालला. दिसायला होता तेवढाच, खायचाही पोटभर. पण पूर्वी त्याला रिक्षात चढवायला दोघांच्या नाकीनऊ यायचे आणि आता अनंतराव एकटे उचलत. फरशीवर त्याची नखं वाजेनाशी झाली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. काट्यावरचा आकडा पाहून ते म्हणाले, "काटा बिघडलाय बहुतेक." अनंतरावांनी मान डोलावली.

त्यांनी विंचरणं बंद केलं. एक केस गळेना, तरी भीमाचं वजन उतरतच राहिलं. गॅलरीतल्या उन्हात त्याची सावली पडे, पण विरळ पडद्याची पडावी तशी फिकट.

नीरजाबाईंची कुरकुर एव्हाना थांबली होती. दुपारी त्या लोडाला टेकून बसत आणि एक हात त्यावरून फिरवत राहत.

"हल्ली आतच झोपतो तो," एकदा त्या म्हणाल्या.

"कोण? भीमा गॅलरीत आहे."

"हो, तोही."

गणपती झाले आणि स्पृहाचा फोन आला. घर घेतलं होतं. दिवाळीत येणार, भीमाला घेऊनच जाणार, त्याची कागदपत्रंही तयार. "बाबा, तो बरा आहे ना?"

"मजेत आहे," अनंतराव म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना लेकीची भीती वाटली.

फोन ठेवला आणि त्यांनी कात्री घेतली. लोड फोडायचा. त्याचं जे काही यात आलंय ते त्याला परत द्यायचं. कसं, ते पुढचं पुढे.

त्यांनी एक टाका कापला.

खोळीखालचं अंग शहारलं.

त्यांनी तळहात टेकवला. आत काहीतरी संथपणे वर येत होतं आणि खाली जात होतं. पावसात भिजून आलेल्या कुत्र्याचा वास सुटला. बोटांखाली ठोके लागले, जड आणि सावकाश.

ते उठून गॅलरीत गेले. भीमाच्या छातीवर हात ठेवला. तिथे काहीच लागलं नाही. भीमा डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडे शांतपणे पाहत होता.

नीरजाबाई हॉलच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "तो टाका घालून घेते मी," त्या म्हणाल्या. "वारा लागेल त्याला." आणि त्या दिवाणाकडे वळल्या.

अनंतराव भीमापाशी खाली बसले. त्यांना रडू येत होतं आणि ते आवरत नव्हते. स्पृहाला भीमा हवा होता, जिवंत. तसा शब्द दिला होता.

त्यांनी चादर पसरली. कंगवा घेतला.

भीमाने आपण होऊन मान वर केली आणि गळा पुढे केला.

केस बिनओढीचे, अलगद येत होते. गळ्याचे आले, मग छातीचे, मग पाठीचे. अनंतराव एकेक पुंजका बाजूला ठेवत गेले. घाई केली नाही. खालच्या चौकात पोरांचं क्रिकेट चाललं होतं.

शेवटी कंगव्याचे दात खालच्या चादरीला लागले.

त्यांनी केसांचा ढीग ओंजळीत गोळा केला. "नीरजा," त्यांनी आत हाक दिली, "तो टाका परत उसव. आणि दाभण आण गं."

"आणते," आतून आवाज आला. "जरा थांबा. हा मला उठू देत नाहीये."