फायबरच्या बॉनेटवरचे खुंट

कुणाला पटो न पटो, हे माझ्या धाकट्या काकांच्या बाबतीत घडलेलं आहे. दिवस मंगळवार. वेळ दुपारी सव्वाबाराची. भर उजेडात, माणसांनी भरलेल्या वर्कशॉपमध्ये.

काका गाड्या रंगवतात. घासून झालं की ते डोळे मिटतात आणि उघडा तळहात पत्र्यावरून फिरवतात. नजरेला न दिसणारा खड्डाही त्यांच्या हाताला लागतो.

त्या दिवशी समोर फायबरचं कोरं बॉनेट होतं. गिऱ्हाइकाने बाहेरून मागवलेलं. पाचला गाडी न्यायची होती. आधीच काकांची दोन कामं परत आली होती, आणि वर्कशॉपच्या मालकाने बजावलं होतं, "तिसरं आलं, की दुसऱ्या दिवसापासून घरीच बसा."

काकांनी बॉनेट साबणाने धुतलं. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासलं. डोळे मिटून हात फिरवला.

खरखर लागली...

फायबर जास्त घासलं गेलं, की आतले काचेचे धागे वर येतात. आपलाच हात जड पडला, असं समजून त्यांनी घाईघाईने पुन्हा पेपर मारला. गुळगुळीत झालं. ते बादली भरून आले.

पुन्हा खरखर...

आता त्यांनी वाकून पाहिलं. काचेचे धागे पांढरे असतात.

हे काळे होते.

दोन दिवस न केलेल्या दाढीसारखे खुंट. बॉनेटभर.

काकांनी एक खुंट चिमट्याने उपटला. टोकाला पांढरं, ओलसर मूळ होतं. छिद्रातून पिवळट तेल पाझरलं. कित्येक दिवस न धुतलेल्या डोक्याचा वास आला.

त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. ओकारीआधी सुटतं तसं.

"काय काका, रंगवताय की मालिश करताय?" मालक लांबून ओरडला. सगळे हसले.

"जरा इकडे येता का?"

"परत काही बिघडवलंत?"

काकांनी चिमटा खिशात टाकला.

"नाही. काही नाही."

त्यांनी बॉनेटवरून थिनरचा बोळा फिरवला. थिनर गार लागतं. त्या गारव्याने बॉनेटवर...

काटा आला.

बारीक बारीक फोड, त्यांच्या तळहाताखालून सरसरत पार दुसऱ्या टोकापर्यंत गेले.

काकांनी हातमोजे चढवले. श्वास रोखून पुट्टी भरली, प्रायमर मारला, वर लाल रंगाचे तीन हात दिले. दिव्याखाली सुकवलं. खुंट दबले.

पाचला गाडी गेली. नोकरी वाचली.

तीन आठवडे गेले. परवा गिऱ्हाइकाचा फोन आला.

"रंग झकास बसलाय हो!"

काकांच्या जिवात जीव आला.

"फक्त दर चार दिवसांनी रेझर फिरवावा लागतो," तो सहज म्हणाला. "काल जरा कापलं. रक्त थांबेचना. शनिवारी आणतो तुमच्याकडे. तुमच्या हाताची सवय आहे त्याला."

आज गुरुवार. मालकाला काय सांगायचं, हे काकांना अजून सुचलेलं नाही. सकाळपासून ते मोरीत बसून थिनरने तळहात धुताहेत. काकू म्हणते, कातडं सोलवटलंय, तरी थांबत नाहीत.

तो न धुतलेल्या डोक्याचा वास जात नाही म्हणतात...

मला तो दारातूनच येतोय.